पाण्याच्या मागावर: माणदेशातल्या पायवाटांविषयी

भटकंतीवरच्या मराठी पुस्तकांनी एखादं कपाट सहज भरेल, पण त्यातली बहुतेक पानं पावसात भिजलेली आहेत. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट. सह्याद्रीच्या धारेवर आणि तिथून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर आपण मन लावून लिहिलं. त्या धारेच्या पूर्वेला जो कोरडा मुलूख पसरतो, तिथं निव्वळ चालायला म्हणून फारसं कुणी गेलं नाही. जे गेले ते देवाला, बाजाराला, सोयरिकीला किंवा मेंढरांमागं. हे पुस्तक त्या मुलखातल्या पायवाटांचं आहे. साताऱ्यातले माण आणि खटाव, सांगलीतला आटपाडी, सोलापुरातला सांगोला आणि त्यांना लागून असलेला जत-कवठेमहांकाळचा काही भाग, एवढा त्याचा पट्टा. माणगंगा नदीवरून त्याला माणदेश म्हणतात.

अशा पुस्तकाची प्रस्तावना वरोरच्या माणसानं लिहावी, याचं वाचकाला नवल वाटेल. आमचं गाव डहाणू तालुक्यात, समुद्राला लागून. पश्चिमेला मांगेल्यांच्या होड्या, मागं वाड्या, मध्ये खाजण. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात. आमच्याकडं किनाऱ्यानं चालत जायचं तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी लागते, कारण दिवसातून दोनदा पाणी वाट घेतं आणि दोनदा परत देतं. पाणी कुठं आहे हा प्रश्न मात्र आम्हाला कधी पडत नाही. माणदेशात पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न तोच पडतो, आणि तिथल्या वाटा समजून घ्यायच्या तर तोच प्रश्न हातात धरून चालावं लागतं. परक्या डोळ्यांना ही गोष्ट लवकर दिसते, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं.

मुलखाची घडण आधी सांगतो. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात आणि पश्चिम उतारावर व माथ्यावर मोकळे होतात. धार ओलांडून खाली उतरणारा वारा तापत आणि कोरडा होत जातो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला दहिवडी-म्हसवडच्या अंगाला चारशे-पाचशे. एका जिल्ह्यात हा दहा-बारा पटींचा फरक आहे. त्यातही जो पडतो तो जून-जुलैत भुरभुर करून निघून जातो. खरी आस मे महिन्यातल्या वळवाची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाची. म्हणून इथलं मोठं पीक शाळू ज्वारीचं, परतीच्या ओलीवर उभं राहणारं. हे राजस्थानातल्यासारखं वाळवंट नव्हे. वाळू सापडते ती नदीच्या पात्रात. एरवी सगळीकडं मुरूम, उघडा कातळ, विरळ गवत आणि खोलगट जागी साठलेली काळी माती. भूगोलाची पुस्तकं याला निमशुष्क प्रदेश म्हणतात, सरकारी कागद अवर्षणप्रवण म्हणतात, आणि गावातला माणूस एवढंच म्हणतो, की आमच्याकडं पाऊस नाही.

खालचा खडक मात्र सह्याद्रीतलाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक. काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून मागं सरतात, टणक थर पुढं राहतात, म्हणून इथल्या डोंगरांचे माथे सपाट आणि कुशी पायऱ्यापायऱ्यांच्या. पावसाचं पाणी भेगांतून मुरत खाली जातं, खालचा घट्ट थर लागला की अडतं आणि आडवं वाट काढत कुशीतून पाझरतं. त्यामुळं झरे बहुधा थरांच्या सांध्यावर सापडतात. या वाटांवर चालताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. पायवाट सरळ माथ्याकडं धावत नाही, डोंगराच्या एखाद्या पायरीवर येऊन आडवी जाते, मैलभर त्याच उंचीवर राहते आणि कुठंतरी एका टाक्याशी, पिंपळाशी किंवा शेंदूर फासलेल्या दगडाशी थबकते. ओल तिथंच असते, निदान एके काळी होती. सह्याद्रीतला गिर्यारोहक माथा गाठण्याच्या हिशेबानं नकाशा वाचतो. माणदेशातली वाट एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडं जाते, आणि माथा मध्ये आलाच तर आला. या पुस्तकातल्या सगळ्या वाटांचं मर्म मला तरी इथंच दिसतं.

या दृष्टीनं पाहिलं तर इथले किल्लेसुद्धा वेगळे दिसतात. सातारा-पंढरपूर रस्त्यावर पुसेगावच्या अलीकडं वर्धनगड, दहिवडीजवळ महिमानगड, खटावात भूषणगड, महादेव डोंगररांगेच्या उत्तर कडेवर वारूगड आणि संतोषगड. चढाई कुठंच फार नाही. पण वारूगडाच्या तटावर उभं राहून दोन्हीकडं बघावं. उत्तरेला फलटणची सपाटी नीरेच्या उजव्या कालव्यानं हिरवी झालेली, उसाची. दक्षिणेला माणचे करडे माळ. एकाच रांगेच्या दोन बाजू, पाऊसही जवळपास सारखाच. फरक फक्त कालव्याचा. मुलूख उजाड दिसतो यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसानं पाणी कुठं वळवलं याचा किती, हे त्या तटावर व्याख्यानाशिवाय समजतं.

याच रांगेवर शिखर शिंगणापूर आहे. शंभूमहादेव हे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत, भोसल्यांचंही. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून इथं मोठा तलाव बांधून घेतला. देवळाला सोनं देणारे राजे पुष्कळ झाले, डोंगरमाथ्यावर तळं देणारे थोडे. चैत्रात इथं यात्रा भरते आणि ठिकठिकाणच्या कावडी येतात. सासवडकडून येणारी तेल्या भुत्याची मानाची कावड मुंगी घाटानं वर चढते. घाट नावापुरता, एरवी उभा दगडी कडाच. साखळी करून, एकमेकांच्या खांद्यावर भार देत, हरहर महादेवच्या गजरात माणसं ती अवजड कावड वर नेतात. कावडीतून येतं पाणी, आणि त्या पाण्यानं देवाला स्नान घडतं. चैत्राच्या उन्हात, कोरड्या डोंगरावर, खांद्यावरून पाणी चढवण्याची ही रीत कुणी कधी सुरू केली ते सोडून देऊ. या मुलखाला मोलाचं काय वाटतं ते तिच्यात पुरतं उमटलं आहे.

इथल्या वाटांचं वय काढायचं तर देवळांच्याही मागं जावं लागतं. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासचे माळ पायांनी तुडवत होते. जुन्या वाटांच्या कडेला त्यांना दगडाची बारीक हत्यारं सापडत गेली. देवीची ठाणी, यात्रेचे मार्ग आणि मेंढपाळांच्या हंगामी फिरस्तीच्या वाटा एकमेकींवर बसतात, असं त्यांनी १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात मांडलं. गवत आणि पाणी यांच्या मागं जाणाऱ्या कळपांनी आधी वाट पाडली, देव आणि भक्त मागाहून तिच्यावरून गेले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक पुढं धनगरांच्या फिरत्या वाड्यांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा माग काढला. या परंपरेतले देवही फिरस्ते असतात. ते कुठून कुठं गेले, वाटेत कुठं थांबले, कुणाच्या कळपाबरोबर आले, याच्या कथा असतात. आरेवाडीचं बिरोबाचं बन किंवा खरसुंडी-म्हसवडचा सिद्धनाथ ही त्या फिरस्तीतली मुक्कामाची ठिकाणं आहेत. खरसुंडीची यात्रा म्हणजे खिलार जनावरांचा मोठा बाजारही. देवाची वाट आणि बाजाराची वाट इथं कधी वेगळी झालीच नाही.

धनगरांच्या चालण्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या मुलखातले खरे चालणारे तेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास माळावरचं गवत संपत येतं. मग काही कुटुंबं मिळून वाडा निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड, मेंढ्या कोंडायची वाघर, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरं. पुढं बायका-मुलं, मागं कळप आणि कुत्री. देशावरचे कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात मेंढ्या बसवायच्या, लेंडीचं खत द्यायचं आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. पावसाच्या तोंडावर वाडे पुन्हा घाट चढतात, कारण कोकणातला ओला चिखल मेंढीच्या खुराला सोसत नाही. पावसाळ्यात तिला कोरडा माळच लागतो. आपण ज्याला दुष्काळी म्हणून नाक मुरडतो, तो मुलूख या जनावराच्या दृष्टीनं वर्षातले चार महिने सगळ्यांत सुखाचा असतो. उलट दिशेनं आमच्याकडची सुकट आणि बोंबील घाट चढून देशावरच्या आठवडी बाजारांत जातात. किनारा आणि माळ यांची ओळख अशी जुनी आहे, फक्त ती पुस्तकांत फारशी आली नाही.

साहित्यात हा मुलूख आला तो बव्हंशी तिथल्याच लेखकांच्या हातून. आटपाडी परिसरानं ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात असे तीन मोठे लेखक दिले. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं, ‘बनगरवाडी’ १९५५ साली. ‘बनगरवाडी’ची सुरुवातच एका तरुण मास्तराच्या चालत जाण्यानं होते आणि शेवटाला दुष्काळानं वाडी रिकामी होते. पुढं १९९५ साली अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला. कोरड्या माळावर चालताना दूरचं माणूस कसं दिसतं, आवाज कसे पोचतात, उजेड कसा बदलतो, हे मराठी गद्यानं व्यंकटेश माडगूळकरांकडून शिकलं. या पुस्तकाच्या वाचकानं निघण्याआधी आणि परतल्यावर, अशी दोनदा ‘बनगरवाडी’ वाचावी. दुसऱ्या वाचनात अंतरं कळतात.

आटपाडीजवळ वाटेवर आणखी एक ठिकाण लागतं, स्वतंत्रपूर. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. १९३९ साली संस्थानानं इथल्या उजाड जमिनीवर भिंती नसलेलं कारागृह सुरू केलं. कैद्यांनी कुटुंबासह राहावं, शेती करावी, पळून जायला मोकळं रान असून पळू नये, असा तो प्रयोग. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. आजही तिथं खुली वसाहत आहे. माळाच्या मोकळेपणावर एवढा विश्वास टाकणारी वास्तू दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

आता माळाविषयी. जिथं झाड नाही तिथं काही नाही, हा समज आपल्या मनात इतका घट्ट आहे की गवताळ रानं पडीक म्हणून नोंदली गेली आणि तिथं खड्डे खणून झाडं लावण्याचे कार्यक्रम झाले. थोडा वेळ खाली बघून चाललं तर चित्र पालटतं. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं. मध्ये हिवर, बाभूळ, बोर, पिवळ्या फुलांचा तरवड, काटेरी नेपती. पायाशी धाविक पळतो, माळटिटवी ओरडत उठते, पखुर्ड्यांचा थवा दगडांतून अचानक उडतो आणि तोवर तो दगडांसारखाच दिसत असतो. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये गवतावरून खालून खालून उडत टोळ टिपतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथं टिकून आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. पक्षी मात्र आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. रान राखायचं म्हणजे वृक्षारोपण करायचं, हे समीकरण माळावर चालत नाही. माळाला गवतच राहू द्यावं लागतं.

पाणी अडवण्याचे जुने प्रयत्नही याच वाटांवर भेटतात. १८७६-७७च्या दुष्काळाच्या काळात हाती घेतलेल्या कामांतून माणगंगेवर राजेवाडीचा, म्हणजे म्हसवडचा, मोठा तलाव उभा राहिला. मायणीचा तलावही ब्रिटिश काळातला. तिथं पुढं पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र झालं. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी रस्ते आणि पाझर तलाव केले. अलीकडं जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत गावंच्या गावं टिकाव-फावडं घेऊन डोंगरावर चढली, आणि २०१८ सालची स्पर्धा माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं जिंकली. त्यांनी उतारावर समान उंचीनं खणलेले आडवे चर वाटेत जागोजाग लागतात. जुन्या पायवाटाही त्याच आडव्या रेषेत जातात, कारण दोघांचा मागोवा एकाच ओलीचा आहे.

या मातीतल्या पायांची कीर्ती बाहेर नेली ती मोही गावच्या ललिता बाबर यांनी. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. अडथळ्यांच्या या शर्यतीत दर फेरीला पाण्याचा एक हौद ओलांडावा लागतो. पाण्यासाठी मैल मैल चालणाऱ्या तालुक्यातली मुलगी पाण्यावरून उड्या मारत जगाच्या अंतिम फेरीत धावली, याची गंमत माणमधल्या माणसांना मुद्दाम सांगावी लागत नाही.

चालायला निघणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. हंगाम दसऱ्यापासून माघापर्यंतचा उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबरात गवत हिरवं असतं तेव्हाही मजा असते. फाल्गुनानंतर सकाळी दहाच्या आत सावलीला पोचता येईल एवढंच चालावं. दिवसाला माणशी किमान चार लिटर पाणी पाठीवर असावं. नकाशावर विहीर दिसली म्हणजे तिच्यात पाणी असेल, असं धरू नये. कुसळं मोज्यांतून आत शिरतात. घट्ट विणीचं कापड घालावं. दगड उचलताना किंवा दगडावर बसताना फुरसं बघून घ्यावं, ते दिसायला लहान पण विषारी आहे. वाड्याजवळून जाताना लांबूनच हाक द्यावी. मेंढ्यांची कुत्री आपलं काम करत असतात. आणि दुष्काळी वर्षात गावात पाणी मागताना भान असावं. तांब्याभर पाणी कुणीही देईल, पण तो तांबा टँकरनं आलेला असतो.

आता जे बदलत आहे त्याविषयी. कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेनं आटपाडी आणि सांगोल्याच्या मोठ्या भागात पाणी खेळू लागलं. डाळिंबाच्या बागा झाल्या, द्राक्षं आली, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या घरांनी गावाकडं बंगले बांधले. हे व्हायलाच हवं होतं. कुणाच्या तहानेवर आपली भटकंती सुंदर व्हावी, असं म्हणणारा माणूस पाण्याच्या गावचा तरी असणार नाही. पण पाणी आलं की जमिनीला किंमत येते, किंमत आली की कुंपण येतं, आणि कुंपण आलं की वाट बुजते. धनगरांचे वाडे आता डांबरी रस्त्याच्या कडेनं ट्रक चुकवत चालतात, कारण आतल्या वाटा तारेनं अडवल्या आहेत. आमच्याकडंही याहून वेगळं नाही. वाढवण बंदरासाठी वरोरपासून तव्यापर्यंत बत्तीस किलोमीटरचा महामार्ग आखला गेला. मोठा रस्ता नकाशावर ठळक येतो आणि त्याखाली गेलेल्या पायवाटांची यादी कुणीच केलेली नसते.

म्हणून या पुस्तकाकडं मी पर्यटनाच्या हौसेपलीकडचा दस्तऐवज म्हणून बघतो. आपल्या जुन्या गावनकाशांवर गाडीवाट आणि पायवाट तुटक रेघांनी दाखवलेली असते. १९६६च्या जमीन महसूल अधिनियमाचं १४३वं कलम शेतकऱ्याला बांधावरून शेतात जाण्याचा हक्क देतं, आणि अडवलेल्या वहिवाटीच्या रस्त्याची तक्रार तहसीलदाराकडं नेता येते. मात्र तिथं विचारला जातो तो साधा प्रश्न: ही वाट वापरात आहे का? एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडं जाणाऱ्या, शेकडो वर्षं खुरांनी आणि अनवाणी पायांनी राखलेल्या वाटांना याचं उत्तर देणारी माणसं कमी होत चालली आहेत. वाचकानं यातली एक तरी वाट निवडावी, त्या गावच्या तलाठ्याकडून गावनकाशा मागून घ्यावा, तुटक रेघ जागेवर आहे का ते चालून पाहावं, आणि नसेल तर गावात चार माणसांत तो विषय काढावा. या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा त्यातल्या वाटा आहेत तेवढ्याच राहिल्या तरी ती मोठी कमाई असेल. एखादी वाढली, तर तिचं श्रेय लिहिणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांचं.